धुणीभांडी आणि बिअर

आमच्या घरी बिअर तयार होते हे कळल्यावर नाशिककडचे नातेवाईक आधी आवाज खाली आणतात आणि मग विचारतात, "रोज घेतो का गं?" पोर्टलंडची माणसं आवाज चढवून विचारतात, "सध्या काय टाकलंय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे आणि ते कुणालाही पटत नाही. दुसऱ्याचं उत्तर माझ्या नवऱ्याने द्यायला घेतलं की ऐकणाऱ्याच्या ताटातलं अन्न गार होतं, म्हणून जेवताना तो प्रश्न मी कुणाला विचारू देत नाही.

वस्तुस्थिती अशी, की या छंदात पिणं जवळजवळ नाहीच. यात धुणं आहे, उकळणं आहे, गार करणं आहे, पुन्हा धुणं आहे, मग आठवडेच्या आठवडे वाट पाहणं आहे आणि वाट पाहून झाली की बाटल्या धुणं आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात शेल्फभर मिळणाऱ्या वस्तूसाठी इतकी धुणीभांडी करणारा माणूस एकतर वेडा असला पाहिजे, नाहीतर त्याला धुणीभांडीच आवडत असली पाहिजेत. आमच्याकडे दोन्ही खरं आहे. फवाऱ्याच्या बाटलीत जंतुनाशक भरून तो गॅरेजभर फिरतो. नळी, झाकण, चमचा, गाळणी, स्वतःचे हात, सगळ्यांवर फवारा. स्वतःचा चहाचा कप मात्र तसाच सिंकमध्ये. कपात यीस्ट सोडायचं नसतं ना.

पोर्टलंड हे या वेडाला फार सोयीचं गाव आहे. ऑक्टोबरात सुरू झालेला पाऊस जूनपर्यंत रेंगाळतो, त्यामुळे माणसं गॅरेजमध्ये काहीतरी करत बसतात. घरगुती बिअरचं सामान विकणारं एफ. एच. स्टाइनबार्ट हे दुकान इथे १९१८ साली निघालं. तासभर गाडी हाकली की विलामेट खोऱ्यातली, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सची शेतं. आणि पाणी! शहराच्या नळाला बुल रनच्या जंगलातलं पाणी १८९५ पासून येतं आहे. ते इतकं हलकं, इतकं क्षारहीन, की बिअरवाले त्याला कोऱ्या पाटीसारखं वापरतात: चेकमधल्या पिल्सेनची बिअर करायची तर जवळजवळ तसंच ठेवायचं, इंग्लंडमधल्या बर्टनसारखी पेल एल करायची तर त्यात जिप्सम घालायचं, कारण बर्टनच्या विहिरींचं पाणी मुळातच जिप्समचं. नवरा किराणा सामानाच्या यादीत कांदे लिहायला विसरेल, पण जिप्समचे ग्रॅम त्याने दशांशापर्यंत मांडून ठेवलेले असतात. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी ती पुडी हातात घेऊन विचारलं, "जिप्सम? म्हणजे गणपती करतात ते प्लॅस्टर?" त्याने सांगितलं, प्लॅस्टर हे जिप्सम भाजून करतात, हे न भाजलेलं आहे. "मग ठीक," त्या म्हणाल्या. नेमकं काय ठीक, ते मला अजून समजलेलं नाही.

सासू-सासरे उन्हाळा लागला की येतात आणि गणपती आटोपले की जातात. पहिल्या वेळी आम्ही पुष्कळ लपवालपवीचा विचार केला होता. पण एकोणीस लिटरचं पातेलं, त्याहून मोठं दुसरं पातेलं, तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि काचेचे दोन बुधले लपवायला जागा लागते, आणि सासूबाई कुठल्याही घरात गेल्या की पहिल्या दिवशी सगळी कपाटं उघडून पाहतात. "एवढं मोठं पातेलं कशाला रे?" नवरा म्हणाला, "बिअर करतो, आई." त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना मात्र त्यांनी श्लोक नेहमीपेक्षा जास्त म्हटले.

पुढच्या शनिवारी पातेलं चढलं. बिअरचा दिवस शनिवार. त्या दिवशी हा माणूस गजर न लावता उठतो. आदल्या रात्री जव भरडून ठेवलेले असतात. पीठ नाही, भरड, तीही टरफल शाबूत राहील अशी, कारण पुढे तेच टरफल गाळणीचं काम करतं. ते ६७ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात घालून तासभर झाकायचे. सासूबाई लांबून पाहत होत्या. मग जवळ आल्या, पिशवीतले चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अरे, हे मोड आणून वाळवलेले आहेत."

"हो. त्यालाच माल्ट म्हणतात."

"माल्ट कसलं? तू लहान असताना नाचणीला मोड आणून, सुकवून, भाजून, दळून मी तुला काय भरवत होते? सत्वच ना हे?"

बरोबरच होतं त्यांचं. धान्याला मोड यायला लागले की दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरं जागी होतात. योग्य वेळी सुकवलं की ती तिथेच थांबतात, आणि पुन्हा गरम पाणी मिळालं की कामाला लागतात. बाळाच्या पोटाला नाचणीसत्व हलकं पडतं ते याचमुळे आणि जवाचं पाणी तासाभरात गोड होतं तेही याचमुळे. नवऱ्याने ते गोड पाणी त्यांना वाटीत दिलं. त्यांनी ते बोटाने चाखलं, मग वाटीच तोंडाला लावली. आणि मग आला तो प्रश्न, ज्याने या छंदाची आमच्या घरातली प्रतिष्ठा कायमची खाली आली: "म्हणजे मोड तू आणत नाहीस? विकतचं सत्व आणतोस? मग तू करतोस काय?"

तो उकळतो. गोड पाण्याला उकळी फुटताना त्यावर फेसाचा डोंगर चढतो आणि क्षणात पातेल्याबाहेर येतो. चुलीवर तो सांडला तर करपून असा चिकटतो, की मी नवऱ्याला घरातल्या चुलीपासून कायमचं हद्दपार करून मागच्या अंगणात गॅसच्या शेगडीवर बसवलं आहे. बिअरवाल्यांच्या पुस्तकात यावर उपाय दिलेले असतात: मोठं पातेलं घ्या, आच कमी करा, पाण्याचा फवारा जवळ ठेवा. सासूबाई त्या दिवशी डाव घेऊन उभ्या राहिल्या. आयुष्यभर रोज दूध तापवलेल्या बाईला फेस कुठल्या क्षणी उतू जाणार हे आतूनच कळतं. फेस काठाला आला की त्या डाव फिरवायच्या, तो बसायचा. नवरा थर्मामीटर घेऊन बाजूला उभा. तेव्हापासून त्यांच्या मुक्कामात आमच्याकडे एकदाही उतू गेलेलं नाही, आणि त्या परत गेल्या की जातं.

उरलेला चोथा त्यांना टाकवेना. किलोच्या किलो ओला जव! थोडा शेजारच्या कोंबड्यांना गेला, बाकीच्याची त्यांनी कांदा-मिरची-कोथिंबीर आणि बेसन घालून थालीपिठं लावली. टरफलं दातात येतात, पण लोण्याबरोबर खपतात. उकळताना घातलेल्या हॉप्सचा चोथा मात्र कुणालाही द्यायचा नसतो. कुत्र्याने खाल्ला तर त्याच्या जिवावर बेततं. हे नवऱ्याने शेजारच्या लॅब्रेडॉरला इंग्रजीत समजावून सांगितलेलं मी ऐकलं आहे.

सासऱ्यांची काळजी वेगळी होती. ते सरकारी नोकरीत लेखापरीक्षणात आयुष्य काढलेले. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना लागतो. परवाना प्रकृतीच्या रक्षणासाठी दिला जातो. नाशिकमध्ये कुणी तो खिशात घेऊन फिरत नाही. सासऱ्यांकडे आहे. दिवाळीत एक आणि भाच्याच्या लग्नात एक अशा पेयपानासाठी त्यांनी तो रीतसर काढला आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. अशा माणसाला मुलाच्या गॅरेजमध्ये एकोणीस लिटर दारू दिसल्यावर झोप कशी लागणार? त्यांनी नवऱ्याला समोर बसवून विचारलं, "याला आधार कुठला?"

आधार आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. आमच्या ओरेगन राज्याने १९१६ सालीच दारू बंद केली, अख्ख्या देशाने बंद करायच्या चार वर्षं आधी. १९३३ साली देशातली दारूबंदी उठली. घरी वाइन करायला मुभा मिळाली. बिअर राहूनच गेली. पंचेचाळीस वर्षं लोक तळघरात चोरून बिअर करत राहिले. शेवटी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून केंद्राच्या कायद्याने घरची बिअर मोकळी झाली: एकटा प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, घरात दोघे किंवा जास्त असतील तर २००. कार्टर स्वतः नाकासमोर चालणारे बाप्टिस्ट. त्यांच्या भावाने मात्र १९७७ मध्ये स्वतःच्या नावाची बिअर बाजारात आणली होती. राज्यांचे कायदे निराळे. मिसिसिपी आणि अलाबामा २०१३ पर्यंत अडून बसले. विकायला परवानगी कुठेच नाही. स्वतः प्या, पाहुण्यांना पाजा, वाटा.

सासऱ्यांनी तारखा लिहून घेतल्या. २०० गॅलन म्हणजे ७५७ लिटर, हे स्वतः गुणून पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या सामानातून लेकीची एक कोरी वही मागून तिच्यावर उभ्या रेघा मारल्या. आरंभीची शिल्लक, उत्पादन, घरखर्च, वाटप, फूट, अखेरची शिल्लक. "उद्या कुणी विचारलं तर?" ते म्हणाले. कुणी विचारलं नाही. पण वही आजपर्यंत चालू आहे; ते नाशिकला असले की दर रविवारी फोनवर आकडे मागून घेतात. एका उकाड्याच्या रात्री गॅरेजमध्ये फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि मागोमाग आणखी दोन. बाटली बंद करताना एकोणीस लिटरला साधारण सव्वाशे ग्रॅम साखर घालतात, ती खाऊन यीस्ट बाटलीतच वायू करतं. बिअर पुरती आंबलेली नसताना बाटलीत गेली, तर वायू काचेला आवरत नाही. आम्ही सगळे दचकून उठलो. सासरे शांतपणे चष्मा लावून आले आणि 'फूट'च्या रकान्यात नोंद केली. हिशोबनीसाला इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला आहे. तो रकाना रिकामाच राहील अशी त्यांना धास्ती होती.

लेकीचं या सगळ्याकडे लक्ष नसतं असं आम्हाला वाटायचं. मग शाळेत राज्याच्या चिन्हांवर तक्ता करायचा आला. राज्याचा प्राणी बीव्हर, पक्षी मेडोलार्क, मासा चिनूक सामन, कवचफळ हेझलनट. एवढं सगळ्या मुलांनी केलं. आमच्या मुलीने राज्याचा सूक्ष्मजीवही काढला. ओरेगनला अधिकृत सूक्ष्मजीव आहे! २०१३ साली विधिमंडळाने ठराव करून सॅक्करोमायसीस सेरेव्हिसी, म्हणजे पाव आणि बिअर आंबवणारं यीस्ट, या पदावर बसवलं. असा मान देणारं देशातलं हे पहिलं राज्य. तक्त्यावर तिने त्याचं गोल गोल चित्र काढलं आणि खाली लिहिलं, 'हा आमच्या कोटांच्या कपाटात राहतो.' बाईंनी मला थांबवून विचारलं, तेव्हा मी खुलासा केला. त्यांनी विचारलं, "सध्या काय टाकलंय?"

कोटांच्या कपाटाचंही सांगायला हवं. एल जातीच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात, आणि ते आमच्या घरात एकाच ठिकाणी बारा महिने सापडतात: बैठकीतल्या जिन्याखालच्या कपाटात, जिथे थंडीचे कोट टांगतो. बुधला तिथे अंधारात बसतो, वर पाण्याची छोटी नळी, तिच्यातून वायू बाहेर पडतो: बुडुक. पहिले दोन-तीन दिवस बुडुक-बुडुक अखंड, मग दमादमाने. आमचे पाहुणे कोट अडकवायला जातात आणि हळूच विचारतात, आत कुणी आहे का.

आणि आमचा गणपती नेमका त्या कपाटाशेजारी बसतो, कारण मखराला जागा तिथेच आहे. एका वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी कपाटात नवी बिअर ऐन जोशात होती. नवऱ्याचा चेहरा पडला. गॅरेजमध्ये हलवावी तर सप्टेंबरचा उकाडा. २५-२६ अंशांच्या पुढे हेच यीस्ट बिघडल्यासारखे वास सोडायला लागतं. ठेवावी तर बाप्पाच्या कुशीत दारू. निकाल सासूबाईंनीच दिला. "विरजण लावलेलं भांडं कुणी हलवतं का? जिवंत आहे ते. असू दे." त्यावर एक सोवळ्यातलं उपरणं तेवढं टाकलं. आरतीला टाळ्या आणि झांजांच्या मधल्या शांततेत बुडुक ऐकू यायचं. मराठी मंडळातल्या एका काकांनी ते तालात आहे असं मत दिलं. सासरे म्हणाले, तालात नाही, मंदावतंय, उद्या बहुधा थांबेल. थांबलं नाही. दीड दिवसाने बाप्पा गेले, यीस्ट राहिलं.

आमच्या सहलींचं आता सांगते. ओरेगनात १९८५ साली कायदा झाला आणि बिअर जिथे तयार होते तिथेच बसून पिता येऊ लागली. परिणाम असा, की नकाशावर कुठल्याही रम्य ठिकाणी बोट ठेवा, शेजारी एक ब्रुअरी असतेच. त्यामुळे नवऱ्याने सुचवलेली कुठलीही सहल निर्मळ मनाने सुचवलेली असेल, यावर आमचा विश्वास राहिलेला नाही. "अ‍ॅस्टोरियाला जाऊ या, कोलंबिया नदी समुद्राला मिळते ते पाहू," तो म्हणतो, आणि लेक लगेच विचारते, "आणि तिथे काय मिळतं?" अ‍ॅस्टोरियाचा स्तंभ मात्र खरोखर पाहण्यासारखा आहे. १९२६ सालचा, आत १६४ पायऱ्यांचा गोल जिना, आणि वर चढून बाल्साच्या हलक्या लाकडाची विमानं खाली सोडण्याची तिथे रीत होती. विमान खालच्या दुकानात मिळायचं. सासूबाई गुडघे धरून सगळ्या पायऱ्या चढल्या आणि त्यांचं विमान वाऱ्यावर इतका वेळ तरंगत राहिलं, की खालची अनोळखी मुलं टाळ्या वाजवू लागली. त्या दिवशी ब्रुअरीत गेलोच नाही. नवरा आजही ती सहल अपुरी राहिली असं म्हणतो.

सगळ्यांत लबाड सहल मेरीहिलची. कोलंबियाच्या काठाने पूर्वेला गेलं की हिरवळ संपते, गवताळ पिवळ्या टेकड्या लागतात आणि एका कड्यावर अचानक इंग्लंडचं स्टोनहेंज उभं दिसतं. खोटं, काँक्रीटचं, पण पूर्ण मापाचं. पहिल्या महायुद्धात पडलेल्या तिथल्या सैनिकांचं स्मारक म्हणून सॅम हिल नावाच्या धनिकाने बांधलेलं. लेकीला ते दाखवायचं म्हणून निघालो. स्टोनहेंज झाल्यावर तो सहज म्हणाला, "आता इथवर आलोच आहोत तर तासभर पुढे टॉपनिश आहे." टॉपनिशला काय आहे? भिंतींवर काढलेली सुंदर चित्रं, अख्खं गाव रंगवलेलं. आणि? आणि अमेरिकेचं हॉप संग्रहालय. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स त्या याकिमा खोऱ्यात पिकतात. दोन्ही बाजूंना अठरा फुटांचे खांब, तारा, आणि त्यावर चढलेले वेल. सासरे गाडीतून उतरून वर पाहतच राहिले. "आपल्याकडे द्राक्षाचा मांडव माणसाच्या हाताला येतो. हे काढायचं कसं?" काढतात यंत्राने, वेल बुडापासून कापून अख्खा. त्यांना ते पटलं नाही. वेल कापायचा म्हणजे काय! नवऱ्याने सांगितलं, मूळ जमिनीत राहतं, दर वसंतात नवा फुटतो. मग त्यांचा जीव खाली पडला आणि संग्रहालयात त्यांनी प्रत्येक पाटी अथपासून इतिपर्यंत वाचली. लेक आणि मी बाहेर आइस्क्रीम खात बसलो.

त्या सहलीचा आणखी एक परिणाम म्हणजे अंगणातला वेल. कास्केड जातीचं एक मूळ नवऱ्याने कुंपणाजवळ लावलं. ही जात आमच्याच राज्यातल्या कोर्व्हॅलिसच्या प्रयोगांतून निघाली आणि १९७२ साली शेतकऱ्यांना दिली गेली. अमेरिकन बिअरला संत्र्या-पपनसाचा जो वास येतो, तो बहुतांशी हिच्यापासून सुरू झाला. मे-जूनमध्ये वेल दिवसाला फूटभरसुद्धा चढतो. नर-मादी वेल वेगळे, बोंडं फक्त मादीला. इथवर सगळं ठीक होतं. पण नवऱ्याला माहिती सांगताना थांबता येत नाही. "आणि गंमत म्हणजे हा भांगेच्याच कुळातला." सासरे ताडकन उठले आणि रस्त्यावरून वेल दिसतो का ते बाहेर जाऊन पाहून आले. इथे ती भांगही २०१५ पासून कायदेशीर आहे, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. सांगूही नये.

सप्टेंबरात बोंडं तोडायची. वेलाला बारीक आकडे असतात, हातांवर ओरखडे उठतात. बोंडाच्या पोटात पिवळी धूळ असते, ती बोटांना राळेसारखी धरून बसते. सासूबाईंनी दुपारभर बोंडं तोडली, हात साबणाने धुतले आणि कणीक भिजवली. त्या रात्रीच्या पोळ्या इतक्या कडू होत्या, की लेकीने त्यांना पन्नासपैकी अकरा गुण दिले.

या गुणांची गोष्ट अशी. इथल्या स्पर्धांमध्ये बिअर तपासायचा ठरलेला तक्ता असतो: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकूण मताला १०. शिवाय परीक्षकांची दोषांची भाषा असते. हवा लागलेली बिअर 'ओल्या पुठ्ठ्या'ची लागते. कच्ची बिअर 'हिरव्या सफरचंदा'ची. नीट न उकळलेली 'उकडलेल्या मक्या'ची. यीस्टने काम अर्धवट टाकलं तर 'लोणी'. आणि एका रानटी यीस्टच्या बिअरला 'घोड्याच्या अंगावरची घोंगडी' असं म्हणतात, तेही काही वेळा कौतुकाने. नवऱ्याने एकदा स्पर्धेला बाटल्या पाठवल्या आणि तक्ता घरी आला: रूपाला पैकीच्या पैकी, चवीपुढे 'ओला पुठ्ठा'. तो दिवसभर काही बोलला नाही. सासऱ्यांना वेगळाच प्रश्न पडला: पुठ्ठा ओला करून खाल्लेली माणसं परीक्षक म्हणून मिळतात कुठे?

पण तक्ता फ्रिजवर लागला आणि घराला चटक लागली. आमटीला आता गुण मिळतात. वास ९, रूप ३, चव १४. शेरा: 'चिंच पुढे, गूळ मागे, शेवट रेंगाळत नाही.' माझ्या गुरुवारच्या साबुदाण्याला 'तोंडातल्या स्पर्शा'त पाचपैकी एक मिळाला होता आणि तो रास्त होता. सासूबाई स्वतःच्या पुरणपोळीचा तक्ता भरू देत नाहीत. परीक्षकाची पात्रता काय, असं त्या विचारतात.

बिअर कशी लागते, हे मी अजून सांगितलेलं नाही. मला त्यातली काळी आवडते, भाजलेल्या जवाची, कॉफीच्या वळणाची. कडू आयपीए मला सोसत नाही आणि सोसते असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनाही सोसत नसावी असा माझा दाट संशय आहे. गेल्या दिवाळीला आमसुलं घालून केलेली गुलाबी, आंबट बिअर मात्र मंडळाच्या मेळाव्यात पहिल्या तासात संपली. पिणाऱ्यांनी ती सोलकढीच्या भावनेने प्यायली. नवरा स्वतः जेवणाआधी एक पेला घेतो, त्यातला बराच वेळ पेला दिव्यासमोर धरून आरपार पाहण्यात जातो.

मग उरलेली कुठे जाते? सासऱ्यांच्या वहीत याचं उत्तर रेघा मारून लिहिलेलं आहे. 'घरखर्च' हा रकाना किरकोळ. 'वाटप' पानभर. विकता येत नाही, एवढी पिववत नाही, आणि पुढचं पातेलं चढवायचं तर बुधला रिकामा हवा. मग माणूस वाटत सुटतो. डाव्या शेजाऱ्याला सहा, तो प्लम आणून देतो. कोंबड्यांच्या मालकिणीला सहा, तिची अंडी येतात. टपाल आणणाऱ्याला नाताळात. लेकीच्या व्हायोलिनच्या बाईंना वर्षाअखेरी. या धंद्याची ही जुनीच चाल असावी. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं, ज्याने जगभरच्या बिअरची नासाडी थांबली. कंपनीने ते कुलपात ठेवलं नाही, मागेल त्या ब्रुअरीला देऊन टाकलं. नवऱ्याला ही गोष्ट फार आवडते. मला सासऱ्यांनी वहीत नव्याने आखलेला रकाना आवडतो. त्याचं नाव 'येणे बाटल्या'.

कारण बिअर परत मागत नसलो तरी बाटली परत लागते. ती जाड, तपकिरी, आणि चावीने उघडायची लागते. फिरकीच्या झाकणाची चालत नाही, तिच्या तोंडावर आमच्या यंत्राने नवं झाकण घट्ट बसत नाही. पांढऱ्या किंवा हिरव्या काचेतून उजेड शिरला की हॉप्सला कुबट वास येतो. अशा बाटल्या जमवायच्या, टबात भिजवून लेबलं खरवडायची, आतून ब्रश फिरवायचा. आंघोळीला गेलं की टबात माणसाला जागा नाही, ही आमच्याकडची नित्याची तक्रार आहे.

तेव्हा पोर्टलंड, बीव्हर्टन, हिल्सबरोच्या मराठी मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. आमच्याकडून नेलेल्या बाटल्या परत द्या. कुणाच्या नावापुढे किती आहेत ते नाशिकला लिहिलेलं आहे आणि सासरे येत्या उन्हाळ्यात येणार आहेत. बाटली रिकामी झाली की लगेच गरम पाण्याने विसळा आणि उलटी ठेवा, म्हणजे तळाचा गाळ वाळून बसत नाही. झाकणं पाठवू नका, ती पुन्हा वापरता येत नाहीत. आणि बाटलीमागे दहा सेंट मिळतील म्हणून त्या दुकानाबाहेरच्या परतीच्या यंत्रात घालायला जाऊ नका. आमच्या बाटलीवर लेबल नसतं, यंत्र ती घेत नाही.